एसयूव्हीतील ड्राइव्ह मोड आणि वऱ्हाडातील रस्ते

ड्राइव्ह मोड म्हणजे मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि ब्रेक यांनी चालकाच्या आज्ञेला कसा प्रतिसाद द्यावा, याविषयी उत्पादकाने आधीच ठरवून ठेवलेल्या मांडण्यांपैकी एक मांडणी होय. चालकाला ती बटणाने, फिरत्या कळीने किंवा पडद्यावरून निवडता येते. ‘इको’, ‘सिटी’ किंवा ‘नॉर्मल’ आणि ‘स्पोर्ट’ हे वेगाशी व इंधनाशी संबंधित मोड आणि ‘स्नो’, ‘मड’, ‘सँड’, ‘वेट’, ‘रफ’ हे जमिनीच्या प्रकाराशी संबंधित मोड असे त्यांचे दोन गट पडतात. भारतात कौटुंबिक वापराच्या एसयूव्ही गाड्यांमध्ये ही सोय सर्वसामान्य झाली आहे.

अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रदेशात या मोडांची उपयुक्तता व मर्यादा या दोन्ही स्पष्ट दिसतात. द्रुतगती महामार्ग, मेळघाटातील घाटरस्ते आणि काळ्या मातीतील पांदण रस्ते एकाच दिवसाच्या प्रवासात वाट्याला येतील, अशी या प्रदेशाची रचना आहे.

कार्यपद्धती

जुन्या मोटारींत अॅक्सिलरेटरचे पेडल तारेने थेट इंजिनाला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत पेडलाखाली संवेदक असतो. पेडल किती दाबले गेले, हे तो इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला कळवतो आणि किती टॉर्क द्यायचा हे संगणक ठरवतो. पेडल व टॉर्क यांच्यातील हे नाते आज्ञावलीत तक्त्याच्या रूपाने साठवलेले असते. मोड बदलणे म्हणजे मुख्यतः हा तक्ता बदलणे. इको मोडमध्ये अर्धे पेडल दाबल्यावर मिळणारा टॉर्क स्पोर्ट मोडमध्ये त्याहून कमी दाबावर मिळतो. पेडल पूर्ण दाबल्यास बहुतेक गाड्यांत दोन्ही मोडांत इंजिनाची ताकद सारखीच राहते. काही गाड्यांत मात्र इको मोडमध्ये कमाल टॉर्कही मर्यादित केलेला असतो.

स्वयंचलित गिअरबॉक्स असल्यास गिअर बदलण्याची वेळही मोडप्रमाणे बदलते. इकोमध्ये वरचा गिअर लवकर पडतो, स्पोर्टमध्ये खालचा गिअर अधिक काळ टिकतो. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत हा भाग गळून पडतो आणि मोडचा परिणाम बहुतांशी पेडलापुरता उरतो. विद्युत साहाय्याचे स्टिअरिंग स्पोर्ट मोडमध्ये जड होते. त्यामुळे गाडी अधिक स्थिर भासते, पण रस्त्यावरील पकड त्याने वाढत नाही.

जमिनीच्या मोडांचा खरा आधार म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण आणि घसरण नियंत्रण (ट्रॅक्शन कंट्रोल) या यंत्रणा. एखादे चाक जागच्या जागी फिरू लागले, की ही यंत्रणा इंजिनाचा टॉर्क कमी करते किंवा त्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळवते. किती घसरण होईपर्यंत थांबायचे आणि कधी हस्तक्षेप करायचा, ही मर्यादा मोडनुसार बदलते.

यावरून एक गोष्ट निघते, जी विक्रीच्या माहितीपत्रकात क्वचितच ठळक छापली जाते. टायर आणि जमीन यांच्यातील घर्षण कोणताही मोड वाढवू शकत नाही. उपलब्ध पकड किती शहाणपणाने वापरायची, एवढेच तो ठरवतो.

इतिहास

दोन किंवा चार चाकांना शक्ती देण्याचा पर्याय जीपच्या काळापासून आहे. त्यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी वेगळा दांडा असे आणि केव्हा काय वापरायचे हे चालकाच्या अनुभवावर सोपवलेले असे. जमिनीचा प्रकार निवडला की इंजिन, गिअर, डिफरन्शियल आणि ब्रेक या सर्वांनी एकत्रित जुळवून घ्यावे, ही कल्पना २००४ मध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ या गाडीतील ‘टेरेन रिस्पॉन्स’ या प्रणालीने रूढ केली. २००८ मध्ये लँड रोव्हर टाटा मोटर्सच्या मालकीची झाली.

भारतीय बाजारात टाटा मोटर्सने २०१४ मध्ये झेस्ट या लहान गाडीच्या पेट्रोल आवृत्तीत इको, सिटी आणि स्पोर्ट असे मोड दिले आणि २०१७ मध्ये नेक्सॉन या छोट्या एसयूव्हीत तेच आणले. २०१९ च्या हॅरिअरमध्ये त्यांच्या जोडीला नॉर्मल, वेट व रफ असे जमिनीचे मोड आले. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० (२०२१) या गाडीतील डिझेल आवृत्त्यांत झिप, झॅप व झूम अशी नावे आहेत. मारुती सुझुकीच्या ग्रँड विटारा (२०२२) या गाडीच्या चारचाकी-चालन आवृत्तीत ऑटो, स्पोर्ट, स्नो व लॉक असे चार पर्याय आहेत. प्रत्येक उत्पादकाची नावे निराळी असल्याने एका गाडीवरील सवय दुसऱ्या गाडीत जशीच्या तशी चालत नाही. ‘रफ’ आणि ‘मड’ यांचा अर्थ एकच आहे, असे गृहीत धरता येत नाही.

दोन चाके की चार

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. मोडची कळी असलेली प्रत्येक एसयूव्ही चारचाकी-चालनाची नसते. भारतातील बहुसंख्य कौटुंबिक एसयूव्हींत इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. उपरोक्त हॅरिअर त्यांपैकीच एक आहे. तिच्यातील ‘रफ’ मोड मागच्या चाकांना शक्ती पुरवत नाही. पुढच्या दोन चाकांच्या घसरणीवरील नियंत्रण तो बदलतो. ‘मड’ असे लिहिलेली पण दोनच चाके ओढणारी गाडी चिखलात चारचाकी-चालनाच्या गाडीइतकी पुढे जाऊ शकत नाही.

चारचाकी-चालनाचेही प्रकार आहेत. ग्रँड विटारासारख्या गाडीत संगणक गरजेनुसार मागच्या चाकांकडे शक्ती वळवतो. थार किंवा स्कॉर्पिओ-एनच्या चारचाकी आवृत्तीत २एच, ४एच आणि ४एल अशा श्रेणी चालक स्वतः निवडतो. ४एलमध्ये वेग अत्यंत कमी व टॉर्क अनेक पट मिळतो. खोल चिखल, तीव्र चढ-उतार किंवा फसलेले वाहन ओढणे यांसाठी ती श्रेणी असते. पुढील व मागील आस यांना जखडून ठेवणाऱ्या अशा गाडीत ४एच किंवा ४एल कोरड्या डांबरावर वापरणे हानिकारक असते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात, हा फरक घसरून भरून काढायला कोरडा रस्ता वाव देत नाही आणि ताण गिअरच्या दात्यांवर येतो. शेतातून वर येऊन डांबरी सडकेला लागल्यावर ४एच काढायला विसरणे, ही या गाड्यांतील नेहमीची चूक आहे.

महामार्ग

अकोला व अमरावती यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला. त्याची गिनेस बुकात विक्रम म्हणून नोंद झाली. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग (७०१ किलोमीटर) अमरावती, वाशीम व बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्याचे आरेखन ताशी १५० किलोमीटरसाठी असले, तरी मोटारींना कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे.

अशा रस्त्यावर इको किंवा नॉर्मल मोड पुरेसा असतो. मात्र इको मोड लावल्याने इंधन आपोआप वाचते, ही समजूत अपुरी आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने जाताना तो सव्वादोन पट होतो आणि उंच, रुंद तोंडाच्या एसयूव्हीत तो मुळातच अधिक असतो. इको मोडमध्ये १२० ने जाणारी गाडी नॉर्मल मोडमध्ये ९० ने जाणाऱ्या त्याच गाडीपेक्षा अधिक इंधन जाळते. क्रूझ कंट्रोल लावल्यावर पेडलाचा तक्ता बाजूला पडतो, तेव्हा मोडचा परिणाम आणखी घटतो. टायरमधील हवेचा दाब, टायरचे वय, चालकाची झोप यांतील कशाशीही मोडचा संबंध नाही, आणि लांब सरळ महामार्गावर धोका याच बाबींत असतो.

दुपदरी रस्त्यांवर परिस्थिती उलट आहे. अकोला–अकोट किंवा अमरावती–परतवाडा या वाटांवर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि संत्र्यांचे ट्रक हंगामात सतत पुढे असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. इको मोडमधील पेडलाच्या सुस्तीने अर्धा सेकंद गेला, तर समोरून येणाऱ्या वाहनाशी उरलेल्या अंतरातून ११ मीटर कमी झाले. ओलांडण्याचा विचार करण्यापूर्वीच नॉर्मल किंवा स्पोर्टमध्ये येणे यासाठी इष्ट ठरते. ओलांडताना अर्ध्यातून कळी फिरवणे धोक्याचे आहे.

काळी माती

वऱ्हाडातील शेतजमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी कापसाची जमीन आहे. तिच्यातील स्मेक्टाइट गटातील चिकणमाती, मुख्यत्वे माँटमोरिलोनाइट, पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आक्रसते. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, पावसाळ्यात ती साबणासारखी निसरडी आणि डिंकासारखी चिकट होते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात चिकणमातीचे प्रमाण विशेष असून निचरा मंद असतो. वस्तीपासून शेतापर्यंत जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर मुरूम किंवा खडी नसेल, तर पावसाळ्याचे काही आठवडे ते वाहनांसाठी बंदच पडतात. शेत व पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, ती याच अडचणीपोटी.

या जमिनीवर एकच मोड नेहमी योग्य, असे म्हणता येत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वरचा बोटभर थर निसरडा होतो, पण खालची जमीन अजून टणक असते. येथे चाक रुतत नाही, घसरते. अशा वेळी ‘वेट’ किंवा ‘स्नो’ मोड उपयोगी पडतो, कारण तो पेडलाचा प्रतिसाद सौम्य करतो, काही गाड्यांत दुसऱ्या गिअरमध्ये निघतो आणि चाक फिरू लागताच टॉर्क तोडतो. वऱ्हाडात बर्फ पडत नाही म्हणून ‘स्नो’ची कळी निरुपयोगी ठरवली जाते, परंतु ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर आणून टाकलेल्या ओल्या मातीच्या पट्ट्यांवर हाच मोड सर्वांत समर्पक आहे.

श्रावणापर्यंत जमीन खोलवर भिजते. आता प्रश्न वेगळा असतो. चिकणमाती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. ‘मड’ मोड येथे मुद्दाम अधिक घसरण होऊ देतो. चाक वेगाने फिरल्याने खाचांतील माती बाहेर फेकली जाते आणि नक्षीला पुन्हा पकड घेता येते. ‘स्नो’ मोड अशा चिखलात घातक ठरतो. चाक थोडे फिरले की तो टॉर्क तोडतो आणि गाडी हळूहळू जागीच थांबते. ज्या गाडीत मड मोड नाही, तिच्यात घसरण नियंत्रण बटणाने तात्पुरते बंद करून तसाच परिणाम अंशतः साधता येतो. पक्क्या रस्त्यावर परतल्यावर ते पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. महामार्गासाठी बनवलेल्या टायरच्या अरुंद खाचा या मातीत फार लवकर भरतात. त्यामुळे टायरची नक्षी अनेकदा मोडपेक्षा अधिक निर्णायक ठरते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती साचून चाकच जखडले, तर कोणताही मोड कामाचा नाही.

दोन दिवस ऊन पडल्यावर वरचा थर वाळून पापुद्रा धरतो आणि रस्ता चालण्याजोगा दिसतो, तरी खाली ओल कायम असते. जमीन वाफशावर आली की नाही, हे शेतकरी मूठभर माती दाबून ओळखतात. पांदणातून जड वाहन न्यावे की नाही, यासाठीही ही कसोटी कोणत्याही पडद्यावरील चिन्हापेक्षा विश्वासार्ह आहे.

गाडी फसल्यावर पेडल दाबत राहिल्यास चाक स्वतःचा खड्डा खोल करते आणि अखेर गाडीचा तळ मातीवर टेकतो. चाकांवरचे वजन उतरले की पकड संपते. त्याआधीच थांबून चाकासमोरील माती काढणे व चाकाखाली बारदाना, तुराट्या किंवा पऱ्हाटी घालणे हा गावातील उपाय आजही प्रभावी आहे. पऱ्हाटीचे टोकदार खुंट टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीत घुसू शकतात, एवढी काळजी घ्यावी लागते.

घाटरस्ते

अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर, तर गाविलगड टेकड्यांमधील चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. परतवाड्यानंतर चढ सुरू होतो. चढताना इको मोडमधील स्वयंचलित गिअरबॉक्स वारंवार वरचा गिअर टाकून पुन्हा खाली येतो. नॉर्मल किंवा स्पोर्ट मोडमध्ये हे हेलकावे थांबतात व सात माणसांनी भरलेली गाडी सुरळीत चढते.

उतरताना स्पोर्ट मोडचा उपयोग अनेकांना ठाऊक नसतो. इको मोड लवकर वरचा गिअर पकडत असल्याने इंजिनाचा रोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि त्यांची परिणामकारकता घटते. स्पोर्ट किंवा हाताने निवडायचा गिअर खालच्या गिअरमध्ये राहून गाडीला इंजिनानेच आवरतो. म्हणजे नावाने वेगाचा असलेला मोड उतारावर वेग रोखण्यास साहाय्य करतो. उतार नियंत्रण (हिल डिसेंट कंट्रोल) ही वेगळी यंत्रणा आहे. ती अत्यल्प वेगात, तीव्र व ओबडधोबड उतारावर चाकांना आपोआप ब्रेक लावते, आणि डांबरी घाटातील नेहमीच्या वेगासाठी ती अभिप्रेत नाही.

पावसाळ्यात चिखलदऱ्यात दाट धुके असते व वळणांवर झाडांचा पाला आणि माती साचते. तेथे ‘वेट’ मोड योग्य. सेमाडोह, हरिसाल, धारणी या मेळघाटातील रस्त्यांवर वन्यप्राणी आडवे येतात. मेळघाट हा १९७३–७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजनेत समाविष्ट झालेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. स्पोर्ट मोडमधील इंजिनाचा चढा आवाज आणि पेडलाची तडफ या दोन्ही गोष्टी तेथे अनुचित होत.

उन्हाळा

अकोला हे देशातील सर्वाधिक उष्ण शहरांमध्ये गणले जाते; मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. काही गाड्यांत इको मोड वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरवरील भारही कमी करतो. परिणामी दुपारच्या वेळी मागच्या, विशेषतः तिसऱ्या ओळीतील मुले व वृद्धांना पुरेसा गारवा मिळत नाही. यंत्र बिघडले असे समजून कार्यशाळेत जाण्यापूर्वी मोड तपासणे सोयीचे ठरते. उन्हात उभी केलेली गाडी थंड होईपर्यंत नॉर्मल मोड ठेवून नंतर इकोत जाता येते.

पाणी

मेळघाटातून आणि पूर्णेच्या खोऱ्यातून वाहणाऱ्या नद्या-नाल्यांवर अनेक ठिकाणी ठेंगणे पूल आहेत. विदर्भात त्यांना रपटा म्हणतात. डोंगरात पाऊस झाला की खाली आभाळ कोरडे असतानाही रपट्यावरून पाणी वाहू लागते. वाहत्या पाण्यासाठी कोणताही ड्राइव्ह मोड नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या माहितीनुसार सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटारी वाहून नेऊ शकते आणि सुमारे ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्हींसह बहुतेक वाहने. गाडी पाण्यात बुडालेल्या भागाच्या आकारमानानुसार वर उचलली जाते, चाकांवरील वजन कमी होते आणि वजनासोबत पकडही जाते. चार चाकांना शक्ती असणे आणि चार चाके जमिनीवर टेकलेली असणे या भिन्न गोष्टी आहेत. उत्पादक सांगतात ती पाण्यातून जाण्याची कमाल खोली संथ, स्थिर पाण्यासाठी असते.

इंजिनाने हवेच्या नळीतून पाणी ओढल्यास सिलिंडरमध्ये दाबले न जाणारे पाणी अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने हे नुकसान बहुधा घडते. पाणी चढत असल्यास काचा खाली करून प्रवाशांना बाहेर काढणे हे गाडी वाचवण्याच्या आधी येते.

विद्युत एसयूव्ही

विद्युत वाहनांत गिअर बदलण्याचा प्रश्न नसल्याने मोड मुख्यतः मोटरचा प्रतिसाद व वातानुकूलनाचा वापर ठरवतात. त्याखेरीज वेग कमी होताना ऊर्जा बॅटरीत परत घेण्याची (रिजनरेशन) पातळी निवडता येते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ही पातळी वाढवल्यास ब्रेक कमी लागतात आणि बॅटरीत काही भर पडते; मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ऊर्जा साठवायला जागा नसल्याने हा रोध घटतो आणि उताराच्या आरंभी नेहमीच्या ब्रेकवरच विसंबावे लागते. निसरड्या मातीवर तीव्र रिजनरेशन पुढच्या चाकांना अचानक अडवू शकते, म्हणून तेथे सर्वांत खालची पातळी ठेवणे सुरक्षित असते.